मधलं कुणी नको

मंदार सामंतच्या काकांनी फोनवर जे वाक्य उच्चारलं, ते ऋजुताच्या वडिलांचं होतं.

"तुझा आवाज ऐकला की दिवस सरतो बघ, बाळा. जेवून घे वेळेवर."

नाशिकच्या डेटा सेंटरमध्ये दुपारचे डबे उघडले होते. तिथे ऋजुतासोबत काम करणाऱ्या मंदारने जेवता जेवता कुडाळला काकांना फोन लावून तो स्पीकरवर टाकला होता. ऋजुताचा घास हातातच राहिला. दोन वर्षं दर रविवारी अकरा वाजता आप्पा तिला हेच म्हणत होते. शब्द तेच, आणि 'बाळा'च्या आधी घेतलेला छोटासा श्वासही तोच.

तिने मंदारला विचारलं, काका आधीपासून असेच बोलायचे का. मंदारला हसू आलं. काका पक्के मालवणी, शिवी घातल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरूच होत नसे. अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, मग डोक्यात जाळी बसवून ही बोलकी पेटी घेतली, तेव्हापासून मात्र स्वभाव लोण्यासारखा मऊ झालाय. घरचे म्हणतात, आजाराने माणूस सुधारला.

ऋजुताच्या घरचेही तेच म्हणत होते.

तिचे वडील प्रभाकर भंगाळे जळगावजवळच्या एका तेल कारखान्यात बॉयलरचे प्रमुख होते. सोळा वर्षांपूर्वी तिथे भिका तायडे नावाचा मदतनीस वाफेने भाजून मेला. जास्तीची वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी वॉल्व्ह सारखा उघडतो आणि काम थांबतं, म्हणून मालकाच्या सांगण्यावरून तो तारेने बांधून ठेवला होता. बांधला होता आप्पांनी. कारखान्याने चौकशीत सांगितलं की भिकाच नको तिथे गेला. वॉल्व्ह बांधल्याची नोंद असलेलं बॉयलरचं खरं रजिस्टर आप्पांनी घरी आणून कपाटात ठेवलं होतं. तेवीस वर्षांच्या ऋजुताने ते काढलं आणि निरीक्षकाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. आप्पांना दीड वर्षाची शिक्षा झाली. ते आत असताना आई गेली. स्मशानात पोलिसांच्या सोबतीने आलेल्या आप्पांनी सगळ्यांदेखत सांगितलं, मला मुलगी नाही. त्यानंतर बारा वर्षं ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

आणि मग झटक्यानंतर, पेटी आल्यावर, एका रविवारी तिच्या भावाने, हर्षलने, फोन लावून दिला आणि आप्पांच्या जुन्या आवाजात शब्द आले, "कशी आहेस, बाळा?" त्या दिवशी ऋजुता ऑफिसच्या जिन्यात बसून रडली होती.

आता तिने जेवणाचा डबा तसाच बंद केला आणि भावाला फोन लावला. हर्षल भुसावळला रेल्वेच्या लोको शेडमध्ये कामावर होता, मागे हातोड्यांचा आवाज येत होता. तिने काय ऐकलं ते सांगितलं. तो चालत शेडबाहेर आला. मग म्हणाला, "तुला गोड बोललेलं ऐकायला मिळतंय ना? मग कशाला उकरतेस?"

तिने तीन दिवसांची रजा टाकली आणि सकाळच्या गाडीने भुसावळ गाठलं.

*

मे महिना होता आणि पारा सत्तेचाळीसवर. हर्षलची बायको भाग्यश्री मुलांना घेऊन रावेरला माहेरी गेली होती. पुढच्या खोलीत कूलरसमोर आप्पांचा पलंग होता, उशाशी शिलाई मशीनच्या डब्याएवढी राखाडी पेटी. आप्पांचं अंग वाळलं होतं. डावा हात तेवढा उचलायचा, त्याचीही दोनच बोटं हलायची.

"आलीस, बाळा," पेटी म्हणाली. "प्रवास नीट झाला ना?"

आप्पांचे डोळे तिच्याकडे नव्हते, छताकडे होते. डावा हात पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटला, पुन्हा आपटला. "हात जरा आखडतोय, काही नाही," पेटीने समजूत घातली.

आप्पा तिला 'रुजी' म्हणायचे. आणि प्रमाण मराठी ते फक्त साहेबांसमोर बोलत, घरात त्यांची लेवा बोली असायची. ही गोष्ट दोन वर्षांत आपल्याला खटकली कशी नाही, याचं उत्तर ऋजुताला माहीत होतं आणि ते तिला आवडलं नाही.

स्वयंपाकघरात हर्षलने तिला सगळं सांगितलं, आवाज खाली ठेवून, पण एकेक शब्द चावून. पेटी नवी आली तेव्हा पंधरा दिवस ती आप्पांच्या मनातलं जसंच्या तसं बोलत होती. आप्पांनी भाग्यश्रीला काय काय म्हटलं, ते तो बहिणीसमोर उच्चारू शकत नव्हता. मुलं घाबरून पुढच्या खोलीत येईनात. आप्पांना उचलून बसवणारा माणूस नवव्या दिवशी काम सोडून गेला. भाग्यश्रीने बॅग भरली. तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, संवाद सुलभ करायची सोय आहे, घरच्यांची सही लागते. हर्षलने सही केली.

"आणि आप्पांची संमती?"

"पेटीतून घेतली. ते हो म्हणाले."

"सोय चालू करायच्या आधी की नंतर?"

हर्षलने जेवणाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाला, "तू वर्षातून दोनदा येतेस. त्यांचं अंग मी पुसतो. तू रजिस्टर देऊन नाशिकला निघून गेलीस, गावात तोंड मी दाखवत होतो. आता हे उघडून परत निघून जाशील." त्याने डबा उचलला आणि तो ड्यूटीवर गेला.

*

मेंदूवरची जाळी ही आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनसारखी नेहमीची गोष्ट झाली होती. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा ओठ, जीभ, घसा हलवणाऱ्या मेंदूच्या भागात विजेच्या बारीक लहरी उठतात. अर्धांगात त्या स्नायूंपर्यंत पोचत नाहीत, पण उठतात. जाळी त्या टिपते आणि कानामागून पेटीतल्या रिसीव्हरकडे पाठवते. त्यांचे शब्द करायचं काम पेटीतल्या ग्राफिक्स कार्डाचं. चित्रं रंगवण्यासाठी जन्मलेलं हे कार्ड हजारो छोटी गणितं एकदम करतं, म्हणून आप्पांच्या मनात उठलेलं वाक्य क्षणात ऐकू येतं.

ऐकू यायच्या आधी मात्र कंपनीचा प्रोग्राम ते वाक्य हातात घेई, कडा घासून गुळगुळीत करी आणि मग बाहेर सोडी. एकदा चालू केला की तो काढून टाकता येत नव्हता. पेटी लिनक्स प्रणालीवर चाले, आणि त्यातला कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कंपनीने सोय चालू करताना असा बदलला होता, की सुलभीकरण नाही तर आवाज नाही.

पण एक वाट होती. रुग्णाच्या व्यायामाचा वेगळा प्रोग्राम चालावा म्हणून पेटीत व्हर्च्युअल मशीन उभं करायची सोय ठेवली होती. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. पाहुण्याला कार्डाकडून काही हवं असेल तर एरवी यजमानामार्फत मागावं लागतं, आणि यजमान ते बघतो, बदलतो. मात्र लिनक्समध्ये आख्खं कार्डच पाहुण्याच्या स्वाधीन करता येतं. पेटी सुरू होताना यजमानाने कार्डाचा ताबा घेण्याआधी एक राखणदार ड्रायव्हर ते अडवून धरतो आणि पाहुणा जागा झाला की त्याच्या हाती सोपवतो. त्यानंतर कार्डात काय चाललंय, ते यजमानाला दिसतही नाही. ऋजुता नोकरीत हे काम महिन्यातून चारदा करत होती.

मालकाला स्वतःचं यंत्र उघडता येईल असा कायदा झाल्यापासून मुख्य पासवर्ड कागदपत्रांतच मिळायचा. तिने लॅपटॉप जोडला आणि पेटीतल्या उपकरणांची यादी काढली. यादी वाचताना ती एका ओळीवर थांबली.

कार्ड मेमरीत थेट लिहितं. त्याने पाहुण्याची हद्द ओलांडू नये म्हणून मदरबोर्डवर एक सर्किट प्रत्येक पत्ता तपासत बसलेलं असतं. पण एकाच वाटेने येणारी दोन उपकरणं त्या सर्किटला वेगळी ओळखता येत नाहीत. अशांचा ते एक गट धरतं, आणि गटातलं एक पाहुण्याला द्यायचं तर सगळीच द्यावी लागतात. या पेटीत कार्डाच्या गटात रिसीव्हरही होता. रिसीव्हरवर यजमानाचा दुसरा एक प्रोग्राम नजर ठेवून असे. आप्पांना फिट येण्याची लक्षणं दिसली की तो दवाखान्याला आणि हर्षलला कळवायचा. गेल्या वर्षी त्याने दोनदा आप्पांना वाचवलं होतं. रिसीव्हर पाहुण्याकडे गेला की तो आंधळा होणार होता.

ती पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली आणि तिने आप्पांना सगळं समजावून सांगितलं. मधला प्रोग्राम जाईल, पण फिटची राखणही जाईल. करू का?

"तुला योग्य वाटेल तसं कर, बाळा," पेटी म्हणाली.

हे उत्तर कुणाचं आहे, ते कळायला मार्ग नव्हता. तिने ते उत्तर धरलंही नाही आणि सोडलंही नाही. ती उठली आणि कामाला लागली.

दुपारपर्यंत तिने पाहुणा उभा केला, लहरींचे शब्द करणारा भाग त्यात आणला, सुलभीकरण बाहेर ठेवलं आणि कार्डासाठी सर्वांना खुला असलेला ड्रायव्हर घातला. पेटी नीट चालेल याची खात्री नव्हती, म्हणून कार्ड सोपवायची सूचना तिने एका वेळेपुरतीच दिली. पेटी पुन्हा सुरू केली की सगळं पूर्ववत होणार होतं.

पेटी बंद झाली, सुरू झाली. यजमानाच्या यादीत कार्डासमोर राखणदाराचं नाव आलं. पाहुणा जागा झाला. बराच वेळ नुसती खरखर येत होती.

"आप्पा," ती म्हणाली.

"बंद नको करू." आवाज तोच होता, पण शब्दांच्या मध्ये खड्डे होते. "बंद नको करू. बंद नको करू."

"नाही करत."

"दोन वर्सं. दोन वर्सं मी आरडू राह्यलो, आन् हे डबडं म्हने, बरं हाये. मी म्हनू, काढा हे. ते म्हने, काळजी करू नका. हात आपटू आपटू माही बोटं सोलली. कोन पाह्यलं?"

आप्पा बोलत राहिले. हर्षलला, सुनेला, कंपनीला, देवाला त्यांनी एकेक करून झोडपलं. त्यात काही शब्द असे होते, की भाग्यश्रीने बॅग का भरली ते ऋजुताला कळलं. मग ते थांबले आणि डोळे छतावरून खाली उतरून तिच्यावर आले.

"तू कशाले आली?"

"मला कळलं की हे तुम्ही बोलत नाही."

"मी तुले बाळा म्हटलं नाही. एकदाबी नाही. तुह्याशी बोललोच नाही मी. तू आइतवारी फोन करे, मी तोंड फिरवू फिरवू पाहे, फिरेना."

हे ऐकायच्या तयारीनेच ती आली होती. तरी खुर्चीचा हात तिने घट्ट धरला.

"वॉल्व्ह मी बांधला व्हता. भिका माह्या हातानं मेला, मले माहीत हाये," आप्पा म्हणाले. "आठ दिस रजिष्टर समोर घेऊन बसलो मी. तू मले इचारलं असतं, तर मीच नेऊन दिलं असतं. तू इचारलं नाही. चोरावानी कपाट उघडलं."

"तुम्ही दिलं नसतं, आप्पा."

"आता ते तुले कधी नाही समजनार. आन् मले बी." पेटीत थोडी खरखर झाली. "आजबी नाही इचारलं."

"आज विचारलं मी. पेटी म्हणाली..."

"पेटीले इचारलं. माही दोन बोटं चालतात. हो असन तं एक डाव, नाही असन तं दोन डाव, येवढं कोनाले सुचलं नाही. इंजिनेर म्हने."

*

चार वाजता हर्षल आला. दारातूनच त्याला जुना आवाज जुन्या बोलीत ऐकू आला. त्याने चपला काढल्या नाहीत. आप्पांनी त्याला पाहिलं आणि ज्या नावाने हाक मारली, त्याने त्याचा चेहरा पांढरा पडला. दोन वर्षांपूर्वीचे ते पंधरा दिवस पुन्हा घरात आले होते.

"फिटचं काय?" त्याने ऋजुताला विचारलं.

तिने खरं ते सांगितलं. त्याने पुढे काही ऐकून घेतलं नाही. भिंतीपाशी जाऊन त्याने बटण बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. आप्पांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. पेटी सुरू व्हायला तीन मिनिटं लागली. तेवढा वेळ फक्त कूलर चालू होता.

मग कंपनीची ओळखीची धून वाजली.

"हर्षल, आलास का, बाळा?" पेटी म्हणाली. "दमला असशील. चहा घे."

पलंगावर आप्पांचा डावा हात लोखंडावर आदळला. पुन्हा आदळला. बोटांच्या पेरांवरची जुनी खपली फुटून रक्त आलं.

"माझी काळजी करू नकोस. हात जरा आखडतोय."

हात आदळत होता. आप्पांचं तोंड उघडं होतं, डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं, आणि उशाजवळून त्यांच्याच आवाजात कुणी तरी शांतपणे सांगत होतं की आज ऊन फार आहे, डोक्याला रुमाल बांधून जात जा.

हर्षलने तो हात धरला. आधी दाबून धरला, मग नुसता धरला. दर आठवड्याला तो त्या पेरांना मलम लावत आला होता.

"आप्पा," तो म्हणाला, "हे तुम्ही बोलताय?"

"अरे, मीच बोलतोय, दुसरं कोण?"

हर्षलच्या मुठीत बोटं दोनदा हलली. दुपारी आप्पांनी सांगितलेली खूण त्याला माहीत नव्हती. ती त्याला ऋजुताने सांगितली. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा दोनदा.

"कर चालू तुझं ते," तो बहिणीकडे न बघता म्हणाला. "आणि ते मला जे जे म्हणतील, ते तूही इथे उभी राहून ऐक."

*

या वेळी सूचना कायमची द्यायची होती. तसं करताना पेटीने कुरकुर केली, डिस्क भरत आलीय म्हणून. इतकं काय साठलंय ते बघायला ऋजुताने फोल्डर उघडलं. यजमानाने दोन वर्षं प्रत्येक वाक्य नोंदवलं होतं. डावीकडे आप्पांच्या मनातून आलेलं, उजवीकडे बाहेर सोडलेलं. तारखेनुसार, वेळेनुसार. एकशे चार रविवार त्यात होते, अकरा वाजताचे. तिने फक्त फाइलींची नावं पाहिली आणि स्क्रीन खाली सरकवली. सूचना लिहून पेटी तिसऱ्यांदा सुरू केली.

आप्पांचा आवाज आल्यावर ती म्हणाली, "फिटची राखण यात नाही. कळायला उशीर झाला तर जीव जाईल. ठेवायचं का असंच?"

"तीस वर्सं बॉयलरवर काढली मी. सेफ्टी काढल्यावर काय व्हते, मले नको शिकवू." थोडं थांबून ते म्हणाले, "तवा मी बांधला, तू रजिष्टर दिलं. आता तू बांध. बांध आन् ऱ्हाय त्याच्यासंगं."

हर्षल म्हणाला की मनगटाला बांधायचा पट्टा मिळतो, दवाखान्यातून आणता येईल. पेटीइतका पक्का नसतो, पण असतो. आप्पांनी त्यालाही शिवी घातली, पण नको म्हटलं नाही. मग हर्षलने भाग्यश्रीला फोन लावला आणि मुलांसह अजून काही दिवस रावेरलाच राहायला सांगितलं. किती दिवस, ते त्याला सांगता आलं नाही. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज ऋजुतापर्यंत आला.

ती पलंगाशी गेली.

"आप्पा, तुम्ही दोन वर्षांत जे जे मनात बोललात, ते सगळं पेटीत लिहिलेलं आहे. मी वाचलं नाही."

आप्पांचे डोळे लॅपटॉपकडे वळले.

"तू आइतवारी फोन करे, तवाचंबी असन त्याच्यात."

"आहे. प्रत्येक रविवारचं."

"वाचायचं हाये तुले?"

"हो," ती म्हणाली. "वाचू का?"

हर्षल दारात थबकला होता. कूलरच्या वाऱ्याने चादरीची कड हलत होती. आप्पा तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत मऊ म्हणावं असं काहीही नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "माहं हाये ते. पुसून टाक."

त्या फाइलींमध्ये काय असेल, याचा ती फोल्डर उघडल्यापासून विचार करत होती. कदाचित एकशे चार वेळा शिव्याच असतील. कदाचित एखाद्या रविवारी, आईच्या वर्षश्राद्धाच्या आसपास, काहीतरी वेगळं असेल. एक फाइल उघडायला दोन सेकंद लागले असते, आणि आप्पांना स्क्रीन दिसत नव्हती.

तिने लॅपटॉप उचलला आणि आप्पांना दिसेल असा त्यांच्या छातीवर धरला. एका हाताने आज्ञा लिहिली आणि थांबली.

"पुसू?"

लोखंडी कडेवर त्यांची बोटं एकदा आपटली.

तिने बटण दाबलं. यादी रिकामी झाली.

"झालं?"

"झालं."

"मग जाय आता."

ऋजुताने लॅपटॉप पिशवीत घातला. हर्षलने वाट दिली, पण थांब म्हटलं नाही. उंबऱ्यात तिने चपला चढवल्या. आत आप्पांनी हर्षलला बोलावून पाणी मागितलं, आणि ते आणायला त्याने उशीर केला म्हणून त्यांचा आवाज चढला. तो रस्त्याच्या वळणापर्यंत तिला ऐकू येत होता.